मावशीची गोळी आणि बर्नचा डॉक्टर

आमच्या मावशीच्या घरात रोज सकाळी साडेसहाला भांडण असतं, चहावरनं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा तास काही नाही, खरं मावशीला डोळे उघडले की चहा लागतो, मग ती अर्धा तास घड्याळाकडं बघत बसते आणि "माझ्यासमोर पिऊ नका की ओ" म्हणून काकांवर ओरडते.

चार वर्षांमागं तिचं ऑपरेशन झालं. गळ्याची गाठ तिनं दोन वर्षं पदराखाली झाकली, घास अडकायला लागला तेव्हा कुठं खानापूरहून बेळगावला आली. सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासलं, आणि थायरॉइडची अख्खी ग्रंथी काढायचं ठरलं. शुद्धीवर येताना डॉक्टरनी कन्नडमधनं विचारलं, "निम्म हेसरु एनु?" आणि मावशी गुंगीतच मराठीत म्हणाली, "कशाला पायजे?" डॉक्टर हसले आणि निघून गेले. मला तेव्हा राग आला, उत्तर तरी ऐकून घ्यायचं की! नंतर कळलं, त्यांना नाव नको होतं, आवाज ऐकायचा होता. आवाजाची नस थायरॉइडला अगदी लागून जाते, तिला धक्का लागला तर माणूस कायमचा घोगरा होऊ शकतो.

माझी चुलत बहीण ऑपरेशन थिएटरात नर्स आहे. तिच्या ट्रेमध्ये टोकाला दात असलेला एक चिमटा असतो, 'कोकर'. तिला इतकी वर्षं वाटायचं ते कंपनीचं नाव. मी शोधलं तर निघाला माणूस, थिओडोर कोखर, स्वित्झर्लंडच्या बर्नचा सर्जन. १८४१ चा जन्म, १८७२ पासून मरेपर्यंत म्हणजे १९१७ पर्यंत तिथंच प्रोफेसर.

त्या डोंगराळ मुलखात मातीत आयोडीन अगदी कमी, त्यामुळे गावोगावी गलगंड, म्हणजे थायरॉइड सुजून गळ्याला गाठ. आपल्याकडं हिमालयाच्या पायथ्याला होतं तेच. खरं ऑपरेशन म्हटलं की रक्तच थांबायचं नाही, मोठमोठे सर्जन हात लावायला भ्यायचे. कोखर सावकाश काम करायचा, एकेक रक्तवाहिनी बांधत, सगळं निर्जंतुक ठेवून. पाच हजारांच्या वर ऑपरेशनं केली आणि मरणारे शंभरात एकापेक्षाही कमी झाले.

मला खरा धक्का बसला तो यापुढच्या भागानं. १८७४ मध्ये त्यानं एका ११ वर्षांच्या मुलीची अख्खी ग्रंथी काढली. ऑपरेशन छान झालं. पोरगी मात्र नंतर मंद, सुस्त होत गेली, वाढ खुंटली. थायरॉइड शरीरात काय करतो हे तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं. १८८२ मध्ये जिनिव्हाच्या रेव्हर्दँ नावाच्या सर्जननं आपल्या पेशंटांचं असंच काहीतरी सांगितलं, तेव्हा कोखरनं जुन्या पेशंटांना पत्रं घालून परत बोलावलं. अख्खी ग्रंथी काढलेले जे आले ते बहुतेक सगळे तसेच, सुजलेला चेहरा, थंडी सोसत नाही, बोलणं जड. हे त्यानं १८८३ मध्ये बर्लिनला भर सभेत मांडलं, आणि साध्या गलगंडासाठी अख्खी ग्रंथी काढायचं सोडलं.

आपल्या हातनं झालेलं नुकसान हुडकायला पत्रं घालणारा माणूस! आमच्याकडं एका दवाखान्यात (नाव घेत नाही) मावशीचा जुना रिपोर्ट मागायला गेलो तर फाइल सापडेना म्हणाले, तेही वर्षाच्या आत.

अमेरिकेतल्या हाल्स्टेड या सर्जनचं एक निरीक्षण तर भारीच. व्हिएन्नाच्या बिलरोथ या सर्जनचे पेशंट नंतर हातपाय आखडून यायचे, कोखरचे असे सुस्त होऊन. हाल्स्टेडच्या मते बिलरोथच्या घाईत थायरॉइडचे तुकडे मागं राहायचे आणि शेजारच्या कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथी दुखावून हातपाय आखडायचे. कोखर इतका नीटनेटका, की त्या वाचायच्या आणि थायरॉइड मात्र कणभरही उरायचा नाही. म्हणजे सफाईच नडली.

१८९१ मध्ये इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशा एका पेशंटला बरं केलं. तिथनं मावशीच्या गोळीपर्यंतचा रस्ता सरळ आहे. कोखरला १९०९ चं नोबेल मिळालं, सर्जनला मिळालेलं पहिलंच.

परवा हे सगळं मावशीला सांगितलं. तिनं गळ्यावरची ठुशी जरा वर सरकवली, खालची वळीतली रेघ आता दिसतही नाही, आणि विचारलं, "ते सगळं खरं, त्यानं चहाचं काय सांगितलंय काय?"