फुटलेले अकरा पूल

जून २०२० मध्ये आमच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत कोविडचे नमुने पाच-पाच एकत्र करून तपासण्याची पद्धत रुळली होती. स्वॅब ज्या द्रवात बुडवून पाठवतात त्या द्रवाच्या (व्हीटीएम) पाच नळ्यांतून सारख्याच मापाचा द्रव एका नळीत घ्यायचा, याला आम्ही ‘पूल’ म्हणायचो, आणि त्यावर एकच आरटी-पीसीआर चाचणी करायची. ती निगेटिव्ह आली की पाचही जण मोकळे. पॉझिटिव्ह आली की पूल फोडून पाचही नमुने वेगवेगळे तपासायचे. शंभरांत दोघेच बाधित असतील, तर अशा रीतीने सुमारे तीस चाचण्यांत काम भागते, आणि किट मोजून मिळण्याच्या त्या दिवसांत हा हिशेब आम्हाला तोंडपाठ होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) १३ एप्रिलच्या सूचनेत पाचांहून मोठा पूल करू नये आणि बाधितांच्या संपर्कातल्यांचे नमुने पूलमध्ये घालू नयेत, असे दोन्ही सांगितले होते.

त्या दिवशी ९० नमुने आले. सोबतच्या यादीत सर्वांपुढे ‘प्रवासी’ असे लिहिले होते आणि फॉर्म संध्याकाळी येणार होते. मी त्यांची वाट पाहिली नाही. शिवाय एका गावच्या नळ्या एकाच पूलमध्ये जाऊ नयेत म्हणून त्या मुद्दाम सरमिसळ करून लावल्या. त्यात काही शहाणपण आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती.

सातच्या सुमारास पडद्यावर एकेक रेषा वर चढू लागली आणि १८ पैकी ११ पूल पॉझिटिव्ह आले. नमुने दूषित झाले की काय या शंकेने आधी निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे मुद्दाम विषाणूविना लावलेली नळी, पाहिला. तो स्वच्छ होता. अकरांतल्या एका पूलची सीटी व्हॅल्यू, म्हणजे विषाणू दिसेपर्यंत लागलेल्या चाचणीच्या सायकलींची संख्या, ३६ होती; ती जितकी जास्त तितका विषाणू कमी. पीपीई किटमध्ये घामाने निथळणाऱ्या तंत्रज्ञाने विचारले, “मॅडम, हा सोडायचा का?” पाचपट पातळ झालेला नमुना दोन-सव्वादोन सायकल मागे पडतो, हे त्यालाही ठाऊक होते, दमल्यामुळे विचारले, एवढेच. तो पूलही फोडला आणि त्यातला एक नमुना स्वतंत्रपणे ३३.७ वर पॉझिटिव्ह आला.

पहाटे निकाल भरताना फॉर्म हाती घेतले, तेव्हा बाधितांची आडनावे पुन्हा पुन्हा येताना दिसली. अकरा बाधित, पण घरे चारच, आणि चारही घरे आधीच्या एका रुग्णाच्या संपर्कातली. हे नमुने पूलमध्ये जायलाच नको होते. तरीही एका फॉर्मच्या पाठीवर मी आकडेमोड केली. माझ्या सरमिसळीमुळे प्रत्येक बाधित वेगळ्या पूलमध्ये पडला होता आणि १८ अधिक ५५ मिळून ७३ चाचण्या लागल्या होत्या. कोणत्याही घरातून पाचांहून जास्त नमुने नव्हते. घरटी एक पूल केला असता, तर चारच पूल फुटले असते आणि ३८ चाचण्यांत काम झाले असते. अमेरिकन सैन्यभरतीत सिफिलिस शोधण्यासाठी रॉबर्ट डॉर्फमनने १९४३ मध्ये ही रीत मांडली, तेव्हा त्याने एकाचा संसर्ग दुसऱ्यावर अवलंबून नाही असे धरले होते. एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांना ते कसे लागू पडणार?

सकाळी नमुने पाठवणाऱ्यांना फोन करून नळ्या घराच्या क्रमाने लावून आणि फॉर्मसकटच पाठवायला सांगितले. दुपारच्या खोक्यात प्रत्येक घराच्या नळ्यांना एकत्र रबरबँड लावलेले होते.