पावसाळ्याआधीचे पैसे

कोल्हापुरी चपला थेट कारागिरांकडून घेऊन पुण्यात विकायच्या, असं मी २०२१ मध्ये ठरवलं. तेव्हा डोक्यात एकच हिशोब होता. मधले हात कमी करायचे आणि तो वाटा करणाऱ्याच्या घरात द्यायचा. कोल्हापुरात सुभाषनगरातल्या एका काकांकडे पहिल्यांदा बसले तेव्हा हेच सांगितलं. चालू दरापेक्षा जोडामागे दीडशे रुपये जास्त देईन म्हणाले. काका रापीनं चामडं कापत होते. मान वर न करता म्हणाले, "दराचं ऱ्हाऊ द्या ताई. पैसं कवा मिळणार त्ये सांगा."

माल विकला की लगेच, असं मी म्हणाले. ते नुसतं "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ मला पुढच्या सहा महिन्यांत कळला.

त्यांच्या ओळखीचे दुकानदारही तेच म्हणायचे. ठेवून जा, खपला की बघू. चामडं मात्र रोखीनं आणावं लागतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते चामडं तयार व्हायला कितीतरी आठवडे जातात, त्यामुळे चांगला माल उधारीवर कुणी देत नाही. त्यात पावसाळा. तेव्हा चामडं सुकत नाही, आणि कोल्हापुरी पाण्यात घालायची वस्तूच नसल्यामुळे गिऱ्हाईकही फिरकत नाही. जूनपासून घर उसनवारीवर चालतं आणि दिवाळीच्या हंगामात हातात येणारे पैसे ते फेडण्यात जातात. माझे दीडशे रुपये थेट सावकाराच्या व्याजात चालले होते.

जागतिक फेअर ट्रेड (करणाऱ्याला न्याय्य मोबदला देणारा व्यापार) संघटनेची दहा तत्त्वं मी सुरुवातीलाच वाचली होती. त्यात स्पष्ट आहे की हस्तकलेच्या मालासाठी कारागिरानं मागणी केल्यास निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. योग्य दर, बालमजुरी नको, या मुद्द्यांवर मी खुणा केल्या होत्या आणि हे वाक्य तसंच ओलांडून गेले होते. त्या घरासाठी सगळ्यात मोलाचं तेच होतं.

मग पुढच्या एप्रिलमध्ये साठ जोडांची ऑर्डर दिली आणि निम्मे पैसे त्याच दिवशी दिले. माझी बरीचशी बचत त्यात गेली, रात्री झोप लागली नाही हे खरं. पण काकांनी त्या वर्षी चामडं स्वतः हात लावून, निवडून आणलं. मालातला फरक मला उघडल्या उघडल्या दिसला. उरलेली रक्कम माल पोचल्यापासून आठ दिवसांत द्यायची, असं वहीत दोघांनी लिहून सह्या केल्या.

दर ठरवायला बसलो तो दिवस मात्र मी विसरणार नाही. चामडं, वादी (शिवायची चामड्याची बारीक पट्टी), रंग, तेल असं एकेक लिहीत गेलो. तळ कापणं, थर जुळवणं, वादीनं शिवणं, सगळ्याचा वेळ काकांनी अचूक सांगितला. मी विचारलं, पट्ट्यावरच्या चामड्याच्या वेण्या कोण घालतं? त्यांनी काकूंकडे बोट केलं. किती वेळ लागतो? "त्ये घरातलंच काम की," काका म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत, हातातली वेणी चालूच होती.

मी दोन दिवस तिथेच थांबले आणि घड्याळ लावून बसले. बारीक वेण्या, गोंडे, पट्ट्यावरची नक्षी: एका जोडामागे काकूंचे जवळजवळ तीन तास निघाले. त्यातही मध्ये स्वयंपाक आणि नातवंडाला झोपवणं होतं, ते वेगळंच. आजवरच्या कुठल्याच दरात हे तीन तास धरलेले नव्हते. ते धरल्यावर किंमत चांगलीच वाढली. काकांना वाटलं, एवढ्याला कोण घेणार? माझ्याही मनात तीच भीती होती. काकूंच्या मजुरीचे पैसे त्यांच्याच खात्यात जायचे, हा आग्रह मी सोडला नाही. खातं बंद पडलेलं होतं, केवायसीसाठी आम्ही दोघी बँकेत दोनदा गेलो. त्यावरून घरात थोडी धुसफूस झाली, ती निवळायला वेळ लागला.

चुका माझ्याही झाल्या. एकदा जुलैत माल मागवला आणि चौदा जोडांना बुरशी आली. ते नुकसान मी सोसलं, कारण तारीख मी ठरवली होती. आता जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर माल हलवत नाही. मापाच्या तक्रारी खूप यायच्या, म्हणून गिऱ्हाइकाकडून कागदावर पाऊल आखून मागवते. प्रदर्शनात "बाजारात चारशेला मिळते" हे रोज ऐकावं लागतं. मी चप्पल उलटी करून वादीची शिवण दाखवते, आणि सोबतच्या कार्डावर काकांचे तास व काकूंचे तास वेगवेगळे लिहिलेले असतात. काहीजण तरीही निघून जातात. पण कार्ड वाचून घासाघीस थांबवणारी माणसंही मी पुष्कळ पाहिली आहेत.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि माझा फोन दिवसभर वाजत राहिला. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्याच मालाला लावायचा हक्क, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांकडे आहे, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा समजलं. मी उत्साहानं काकांना सांगितलं, मागणी वाढणार! त्यांनी विचारलं, "आगाऊ किती?" सगळ्यांकडून निम्मे घेतल्याशिवाय मी त्या वेळी एकही ऑर्डर स्वीकारली नाही.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये काकूंचा फोन आला. एरवी काकाच बोलतात. "ताई, यंदा वेणीच्या चामड्याचं आगाऊ माझ्याकडं द्या. ह्यांना जाड-पातळ कळत न्हाई, म्या आणते बघून."