मंगळवारी बंद

रोममधले चार दिवस पक्के झाले आणि नवऱ्याने एक्सेलची फाइल उघडली. संसारातले बरेच वाद आमच्याकडे याच फाइलमध्ये होतात. तीन दिवसांचे रकाने भरले, मोकळा राहिला मंगळवार. त्यात मी ‘पॉम्पेई’ लिहून टाकलं, ज्वालामुखीने गाडलेलं ते जुनं रोमन शहर.

“त्यापेक्षा ऑस्टिया अँटिका बघू,” नवरा म्हणाला. त्याचं म्हणणं तसं बिनतोड होतं. रोमचं ते जुनं बंदर. पिरामिदे स्टेशनाशेजारून लोकल सुटते, शहराच्या साध्या तिकिटात अर्ध्या तासात पोचवते. पाइनच्या झाडांची सावली, गर्दी कमी, दुपारी जेवायला परत. पॉम्पेईला जायचं तर आधी नेपल्सपर्यंत वेगवान गाडीने सव्वा तास, तिथून चिर्कुमवेसुव्हियाना नावाच्या लोकलने आणखी पाऊण तास. चिरंजीवांना या दोन्हींत रस नव्हता. त्यांना थेट व्हेसुव्हियस या ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन आत डोकवायचं होतं.

सासूबाई लातूरच्या. त्या शांतपणे शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, “पडकी घरं बघायला एवढ्या लांब कशाला? त्र्याण्णवला किल्लारीत बघितली तेवढी पुरेत.”

यावर कुणी काही बोललं नाही. त्या वेळी त्या मदतकेंद्रावर पंधरा दिवस भाकरी थापायला जात होत्या, एवढंच आम्हाला माहीत आहे. पुढचं त्या सांगत नाहीत.

पॉम्पेईतली ती माणसं मला आठवली. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडली गेलेली. राख घट्ट झाली, आतले देह गेले, पोकळ्या उरल्या. १८६३ साली फियोरेल्ली या गृहस्थाने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं आणि तोंडावर हात घेतलेली, कुशीवर वळलेली माणसं जशीच्या तशी बाहेर काढली. ती बघायला लोक रांगा लावतात. मी फाइलमध्ये नवी ओळ घातली : साचे बघायचे नाहीत. आग्नेय कोपऱ्यातली ‘पळणाऱ्यांची बाग’ त्यामुळे कटाप झाली आणि अर्धा तास वाचला.

माझा हट्ट साच्यांसाठी नव्हताच मुळी. भोकरदन हे माझं आजोळ, जालना जिल्ह्यातलं. सातवाहनांच्या काळातलं हे भरभराटीचं गाव. तिथल्या उत्खननात हस्तिदंती बाईची एक तुटकी मूर्ती निघाली, तशीच एक धाराशिवच्या तेरला मिळाली. त्यांच्या जातकुळीतली पूर्ण मूर्ती सापडली ती थेट पॉम्पेईत, १९३८ साली, अमेदेओ मायुरी यांच्या खोदकामात. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण जाणकारांच्या मते ती यक्षी असावी. उंचीला वीतभराहून जराशी जास्त. हातभर बांगड्या, पायांत पोटरीपर्यंत वाळे, अंगावर दागिन्यांशिवाय फारसं काही नाही. दोन्ही बाजूंना शृंगाराचं सामान घेतलेल्या दोन बुटक्या दासी. डोक्यातून खाली एक भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असेल नाहीतर छोट्या मेजाचा पाय. ती नेमकी कुठे घडली याबद्दल पंडितांत वाद आहेत. त्यांनी ते खुशाल घालावेत. मामाच्या गावाहून गेलेली बाई म्हणून मी तिला कधीच आपली म्हणून टाकलंय.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलंय की भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. माल बैलगाड्यांतून बिनरस्त्याच्या वाटांनी बंदरात यायचा. मग मोसमी वारे, तांबडा समुद्र, उंटांचे तांडे, नाईल, अलेक्झांड्रिया आणि पुन्हा समुद्र. आणि इथे आम्ही गाडी सहा पन्नासची की सात वीसची यावर भांडत होतो. थोरला प्लिनी हा रोमन लेखक कुरकुरायचा, की हिंदुस्थान दरसाल आपली पाच कोटी सेस्टर्स नाणी खातो. पुढे व्हेसुव्हियस फुटला तेव्हा लोकांना सोडवायला हा प्लिनी आरमार घेऊन निघाला आणि पलीकडच्या किनाऱ्यावर मरण पावला. हिंदुस्थानी चैनीवर चरफडणारा माणूस आणि चैनीची ती वस्तू, दोघांचा शेवट एकाच डोंगराने केला.

एवढं सगळं सांगून मी घर जिंकलं. मग नवऱ्याने विचारलं, “पण ती मूर्ती पॉम्पेईत आहे ना?”

नाही. ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात. आणि ते मंगळवारी बंद असतं.

मग जी रकान्यांची उलथापालथ झाली ती दिवाळीच्या सफाईसारखी. एक बुधवार ओढून आणला, एक राजवाडा बळी दिला. सकाळी नऊला पॉम्पेईचं दार उघडायच्या वेळी तिथे. आईंच्या गुडघ्यांसाठी तीन किलोमीटरहून लांब अशी सपाट वाट केलेली आहे, तीच धरायची. चिरंजीवांसाठी खाणावळींचे दगडी ओटे, त्यांत बसवलेले रांजण. रोमन माणूसही दुपारचं रस्त्यावरच खायचा हे ऐकून त्यांनी ज्वालामुखीचा दावा सोडला. रस्ता ओलांडायला मध्ये ठेवलेले उंच दगड मला बघायचेत. आपण पावसाळ्यात फाटकापासून विटा टाकतो तसेच, फक्त दोन हजार वर्षं टिकलेले आणि गाड्यांची चाकं मधून जातील असे मोजून बसवलेले. एकपर्यंत बाहेर, दोनला नेपल्स, तीनला संग्रहालय.

तिकिटं आता नावानिशी असतात. आईंच्या पासपोर्टावरची तीन नावं दोन चौकटींत बसवण्यात एक संध्याकाळ गेली. आणखी एक अडचण मी कुणाला सांगितली नव्हती. ती मूर्ती ज्या दालनात मांडतात त्याचं नाव ‘गुप्त कक्ष’. पॉम्पेईतल्या कामचित्रांची जुनी कोठडी ती. एकेकाळी तिला कुलूप असायचं. तेरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई यांना घेऊन तिथे कसं जायचं, हे फाइलमध्ये कुठेच बसेना. शेवटी आईंना फोनवर मूर्तीचा फोटो दाखवला आणि दालनाचंही सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. बोटांनी फोटो मोठा केला, बांगड्या मोजल्यासारखं केलं.

“भोकरदनची म्हणतेस?”

“तिकडचीच.”

“आणि इतकी वर्षं त्या खोलीत एकटी?” मग जरा थांबून, “काच असते का गं मध्ये? नाही, ओटी भरता येईल का म्हणून विचारलं.”

नवरा म्हणाला, “आई, संग्रहालय आहे ते.”

“बरं,” म्हणाल्या. काल बॅगांची यादी चाळत होते. गुडघ्याच्या पट्ट्याखाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय : तांदूळ मूठभर, हळदकुंकू, एक खण.