बाटलीतून कॅनमध्ये: गोव्यात क्राफ्ट बिअर भरताना आलेला अनुभव

क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रूअरीत बनवलेली बिअर, कॅनमध्ये भरावी का? माझं उत्तर: भरावी. मात्र विरघळलेला ऑक्सिजन आणि झाकणाची सीम (झाकण आणि कॅन यांचा दुमडून केलेला सांधा) मोजायची साधनं घेतल्याशिवाय भरू नये. कॅन लाइनचे पैसे जमले आणि मीटरचे उरले नाहीत, तर आणखी एक वर्ष बाटलीत काढलेलं बरं.

गोव्यात कॅनचं पहिलं कारण ऊन. शॅकवर बिअर बर्फाच्या टबात, पण उघड्यावर असते. हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या फुलांमधली कडू द्रव्यं प्रकाशाने तुटतात आणि बिअरला उग्र, गंधकी वास येतो. हिरव्या काचेत हे फार लवकर घडतं, तपकिरीत उशिरा, कॅनमध्ये घडतच नाही. दुसरं कारण वजन: 330 मिलीचा रिकामा कॅन 12-13 ग्रॅमचा, तेवढीच बाटली 200 ग्रॅमच्या आसपास. वाळूत फुटक्या काचा राहत नाहीत, हेही मला महत्त्वाचं वाटतं. धातूची चव लागते हा समज मात्र सोडायला हवा. आतल्या बाजूला लेप असतो, बिअर अॅल्युमिनियमला सहसा टेकत नाही. अमेरिकेत 1935 पासून बिअर कॅनमध्ये विकली जाते, आणि कोलोराडोतल्या ऑस्कर ब्लूज या क्राफ्ट ब्रूअरीने 2002 मध्ये आपली पेल एल ही बिअर कॅनमध्ये भरायला घेतली.

आपल्याला कॅनचे कारखाने जवळ आहेत, तळोजा आणि छत्रपती संभाजीनगर. अडचण छपाईची. एका डिझाइनचे छापील कॅन लाखांच्या हिशेबात घ्यावे लागतात. म्हणून आम्ही कोरे कॅन घेऊन त्यावर लेबल लावलं, तेही भरण्याआधी, कोरड्या कॅनवर. भरलेला कॅन 1-2 अंशांवर बाहेर येतो आणि इथल्या दमट हवेत क्षणात घामेजतो. मग लेबल सुरकुततं आणि तळावर तारीख उमटत नाही. तारीख छापण्याच्या जरा आधी हवेचा जोरदार झोत ठेवला की तळ कोरडा होतो. पावसाळ्यात खोकी नरम पडतात, त्यासाठी जाड पुठ्ठा.

आता खरं काम. ब्राइट टँकमधली (भरण्याआधी तयार बिअर ठेवायची टाकी) बिअर 0 ते 1 अंशावर आणि कार्बोनेशन 2.4 ते 2.5 व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या तितक्या पट कार्बन डायऑक्साइड. टँकपासून फिलरपर्यंतचा (कॅन भरणारं यंत्र) होज आम्ही सुरुवातीला लांब आणि उघडा ठेवला होता. त्यातली बिअर तापायची आणि सुरुवातीचे कॅन नुसते फेसाने भरायचे. होज आखूड केला, त्यावर इन्सुलेशन चढवलं, पहिले काही लिटर सोडून द्यायला लागलो, तेव्हा फेस आवरला.

पण फेस अजिबात नको असंही नाही. कॅनमध्ये आधी कार्बन डायऑक्साइड सोडायचा, नळी तळाशी नेऊन भरायचं आणि वर आलेल्या दाट, बारीक फेसावरच झाकण ठेवायचं. फेस बसला की तिथे हवा शिरते. हिशेब करून पाहा: 1 मिली हवेत साधारण 0.28 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. 330 मिलीच्या कॅनमध्ये तो साडेआठशे पीपीबीच्या (अब्जात इतके भाग) घरात जातो. आम्ही 50 च्या खाली राहायचं ठरवलं आहे, 100 च्या वर गेलं की लाइन थांबते. जास्त ऑक्सिजन असलेल्या आयपीएचा (भरपूर हॉप्स घातलेली बिअर) हॉप्सचा वास काही आठवड्यांत मावळतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. मोजण्याआधी कॅन पाच मिनिटं नीट हलवा, नाहीतर वरच्या पोकळीतला ऑक्सिजन आकड्यात येत नाही आणि खोटं समाधान मिळतं.

सीम दोन टप्प्यांत बसते. पहिला रोलर झाकणाची कड कॅनच्या कडेखाली वळवतो, दुसरा ती दाबून घट्ट करतो. पहिला ढिला असेल तर आतला हुक (झाकणाची आत वळलेली कड) आखूड राहतो. बाहेरून सीम देखणी दिसते आणि आठवड्याने कॅन झिरपतो. दुसरा जास्त दाबला तर वरची कड धारदार होते. म्हणून नुसती जाडी आणि उंची मोजून भागत नाही. दर तासाला सीम बसवणाऱ्या प्रत्येक हेडचा एक कॅन कापून झाकणाचा आणि कॅनचा असे दोन्ही हुक आणि त्यांचा ओव्हरलॅप पाहतो, झाकण पुरवणाऱ्याच्या तक्त्याशी ताडतो. झाकणाचा प्रकार बदलला तर चकही (सीम बसताना झाकण आतून धरणारा भाग) बदला. बी64 आणि सीडीएल ही झाकणं कॅनवर सारखीच बसतात, पण एकाच चकवर चालत नाहीत. आमची एक अख्खी पाळी याच कारणाने वाया गेली.

गोव्यात दुकानातला फ्रिज रात्रभर चालू राहीलच असं नाही, म्हणून आम्ही पाश्चरायझेशन करतो, म्हणजे भरलेले कॅन तापवून जंतू मारतो. 60 अंशांवर 1 मिनिट म्हणजे 1 पीयू, हे पाश्चरायझेशन मोजायचं एकक. या तापमानाला 2.5 व्हॉल्यूमच्या बिअरचा दाब 6 बारच्या जवळ जातो आणि कॅनची मर्यादा साधारण 6.2 बार. कार्बोनेशन थोडं चढलं किंवा कॅन काठोकाठ भरला की तळ बाहेर फुगतो. पाश्चरायझेशन न करणाऱ्यांनी उरलेली साखर तपासावी: लिटरमागे 4 ग्रॅम साखर पुन्हा आंबली तर जवळजवळ 1 व्हॉल्यूम वाढतो, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या टेम्पोत असा कॅन टिकत नाही.

कोकम आणि मीठ घातलेली गोझ (आंबट-खारट बिअर) आम्ही कॅनमध्ये भरलेली नाही. आम्लात क्लोराइड मिसळलं की लेपातल्या बारीक छिद्रांतून अॅल्युमिनियम कुरतडलं जातं आणि कॅनला सुईएवढं भोक पडतं. बिअरमध्ये तांबं उतरलं असेल तर आणखी लवकर. नमुना कॅनच्या कारखान्याकडे तपासायला दिला आहे. अहवाल येईपर्यंत गोझ केगमध्येच, म्हणजे बिअरच्या मोठ्या पिंपात.