वादळानंतर हललेली डिश पुन्हा जुळवताना

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावात वळवाचा पाऊस येतो तो वावटळ सोबत घेऊनच येतो. माळवदात रोवलेल्या पाइपावर डिशची छत्री बसवलेली असेल, तर ती जागची हलायला तेवढी वावटळ पुरते. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका संध्याकाळनंतर आमच्या टीव्हीवर सिग्नल नसल्याची पाटी येऊन थांबली. आमच्याकडे प्रसार भारतीची डीडी फ्री डिश आहे. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही, त्यामुळे बिघाड झाला की तो दुरुस्त करण्याची जबाबदारीही घरच्यांचीच असते. खेड्यातल्या कितीतरी घरांत बातम्या, हवामान आणि सह्याद्री वाहिनी याच छत्रीतून येतात, म्हणून जे जमले ते सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले.

शेजारच्या अण्णांचा आग्रह होता की आधी छत्री फिरवून पाहावी. मी मात्र सेट-टॉप बॉक्सच्या मेनूमधले सिग्नलचे पान उघडले. तिथे दोन पट्ट्या असतात, एक स्ट्रेंग्थची आणि दुसरी क्वालिटीची, आणि माझ्या मते त्या दोन्हींतला फरक समजल्याशिवाय छतावर चढूच नये. स्ट्रेंग्थ ही केबलमधून बॉक्सपर्यंत किती शक्ती पोचते एवढेच सांगते. त्यात एलएनबीचा, म्हणजे छत्रीसमोर दांड्यावर बसवलेल्या लहरी पकडणाऱ्या भागाचा, स्वतःचा गोंगाटही (नको असलेला सिग्नल) धरलेला असतो, त्यामुळे छत्रीचे तोंड भलतीकडे असले तरी ती बऱ्यापैकी दिसू शकते. क्वालिटी मात्र बॉक्सला हवी असलेली नेमकी लहर सापडली तरच वर येते. आमच्याकडे दोन्ही पट्ट्या शून्यावर होत्या. याचा अर्थ दिशेचा प्रश्न असो वा नसो, त्याआधी एलएनबीला वीज तरी पोचत नव्हती किंवा तिच्याकडून काही खाली तरी येत नव्हते.

एलएनबीला लागणारी वीज बॉक्सच त्याच केबलमधून वर पाठवतो. उभ्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या, लहरींसाठी सुमारे १३ व्होल्ट आणि आडव्यांसाठी सुमारे १८ व्होल्ट अशी ती असते. म्हणून बॉक्स बंद केल्याशिवाय केबलचे टोक सोडू नये. बॉक्स बंद करून एलएनबीजवळचा कनेक्टर उघडला, तर आत पाणी शिरून तांबे हिरवे पडले होते. केबलचा खराब भाग कापून टाकला, नवे टोक सोलले आणि नवा कनेक्टर बसवला. आरजी-६ केबल (डिशसाठी वापरतात ती जाळीची केबल) सोलताना बाहेरच्या जाळीचा एखादा बारीक तंतू मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो, हे पुन्हा पुन्हा तपासण्यासारखे आहे. बॉक्स सुरू केल्यावर स्ट्रेंग्थ आली, पण क्वालिटी शून्यावरच राहिली, आणि मगच छत्रीही हलली आहे असे म्हणायला आधार मिळाला.

छत्रीला हात लावण्याआधी मी गवंड्याचा ओळंबा आणून पाइपाला दोन बाजूंनी लावला. पाइप एका अंगाला कलला होता, तो आधी सरळ केला. तो तसाच ठेवला असता, तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलत राहिली असती आणि कोणतेही माप उपयोगी पडले नसते. फ्री डिशच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. विषुववृत्ताच्या वर जवळपास ३६,००० किलोमीटरवर असलेला हा उपग्रह लातूरच्या परिसरातून पाहिले असता नेमका आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३६ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येतो. छत्रीकडे पाहून मात्र ही उंची कळत नाही, कारण घरगुती छत्री ऑफसेट प्रकारची असते आणि तिचे तोंड प्रत्यक्ष लहरींच्या वाटेपेक्षा बरेच खाली झुकलेले दिसते. छत्री समोरच्या लिंबाकडे पाहते आहे असे वाटून आमच्याकडे फांद्या छाटण्याची भाषा सुरू झाली होती, पण लहरींची वाट त्या लिंबाच्या शेंड्याच्या कितीतरी वरून जात होती.

बॉक्समध्ये ११०९० फ्रिक्वेन्सी, उभे ध्रुवीकरण आणि २९५०० सिम्बॉल रेट निवडून पुतण्याला टीव्हीसमोर बसवले. खालून ओरडून सांगण्यापेक्षा त्याने फोनवर व्हिडिओ कॉल करून क्वालिटीची पट्टी मला दाखवावी, असे ठरवले. बोल्ट फक्त हलतील इतपतच ढिले केले आणि छत्री केसभर सरकवून दर वेळी क्षणभर थांबत गेलो, कारण लहर पकडायला बॉक्सला थोडा वेळ लागतो आणि घाई केली की योग्य जागा हातातून निसटून जाते. ९५ आणि ९१.५ अंशांवरही उपग्रह आहेत. त्यांच्यासमोर छत्री आली की स्ट्रेंग्थ वाढते, पण क्वालिटी हलत नाही. "काका, वाढलं, वाढलं!" असे पुतण्याने म्हटले की मी प्रत्येक वेळी विचारी, "कोणती पट्टी?" शेवटी किंचित दक्षिणेकडे आणि किंचित वर सरकवल्यावर क्वालिटी उसळली. ती दोन्ही बाजूंना जिथे जिथे घसरते त्या जागांवर पाइपावर खडूने खुणा केल्या, छत्री त्या खुणांच्या बरोबर मध्ये आणली आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकच बोल्ट एकदम आवळला तर छत्री पुन्हा सरकते.

चित्र आले, तरी काही वाहिन्या तुटत होत्या आणि काही दिसतच नव्हत्या. सगळ्याच वाहिन्या गेल्या असतील तर शोध वेगळा आणि काहीच गेल्या असतील तर वेगळा. उपग्रह आपल्या थेट दक्षिणेला नसल्यामुळे एलएनबीही तिच्या पकडीत बरीच तिरपी बसवावी लागते, आणि वावटळीत ती फिरली होती. बोटांनी हळूहळू फिरवत क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे ती पक्की केली, तेव्हा अशक्त फ्रिक्वेन्सीही सावरल्या. उरलेल्या वाहिन्यांसाठी पुन्हा ऑटो स्कॅन पुरे झाले. फ्री डिशवरच्या वाहिन्यांच्या जागा अधूनमधून बदलतात, त्यामुळे एखादी वाहिनी नाहीशी झाली की पाना शोधण्याआधी स्कॅन करून पाहावे.

पावसाची जोरदार सर आली की चित्र थोडा वेळ जाते, तेही छत्रीचा दोष नसतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी आमच्या भागात सकाळी अकराच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही मिनिटे सिग्नल बुडतो. यंदा मार्चमध्ये तसे झाले तेव्हा अण्णा पाना घेऊन माळवदावर निघाले होते. मी त्यांना म्हणालो, "अण्णा, जरा दम धरा, बोल्टला हात लावू नका." चहा होईपर्यंत सह्याद्री वाहिनी परत आली होती.