ट्रेमधल्या पाण्यात विभव मोजताना

बिंदुप्रभाराचं, म्हणजे एका बिंदूत धरलेल्या विद्युत प्रभाराचं, विभव (एकक प्रभारामागची विद्युत ऊर्जा, व्होल्टमध्ये) कागदावर सोपं आहे: प्रभार भागिले अंतर, गुणिले ९ अब्ज. प्रभार अनेक असले तर चिन्हासकट नुसती बेरीज, दिशा बघायचीच नाही. ही बेरीज डोळ्यांना दिसावी म्हणून मी पाण्याचा ट्रे मांडला.

ट्रे प्लास्टिकचा, ३० बाय ४० सेंटिमीटर. स्टीलची परात नको, ती विजेची दोन्ही टोकं शॉर्ट करते. नाशिकमध्ये सातपूरला लेथवर १५ मिलिमीटर व्यासाच्या पितळी दांड्याचे दोन तुकडे कापून घेतले. ट्रेखाली आलेखकागद, वर नळाचं पाणी, सगळीकडे सारखं १ सेंटिमीटर; पाणसळ लावून ट्रे सपाट केल्याशिवाय हे जमत नाही. गंगापूर धरणाचं हे पाणी पुरेसं वाहक आहे. मीठ घातलं तर प्रवाह वाढतो, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि व्होल्टेज बसतं.

आधी दोन्ही तुकड्यांना बॅटरी लावली, पण आकडे टिकेनात. पितळेवर बारीक बुडबुडे धरतात आणि पाणी-धातूच्या सीमेवरच काही व्होल्ट खर्ची पडतात. ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून मीटर एसीवर घेतला, तेव्हा आकडे थांबले. एसीवर मीटर चिन्ह दाखवत नाही, म्हणून काळी पिन एका तुकड्याला पक्की बांधली आणि सगळी मापं तिथून घेतली.

तुकडे १२ सेंटिमीटरवर ठेवले. मध्यरेषेवर कुठेही ३ व्होल्ट. हे ३ व्होल्ट शून्य धरले, तर द्विध्रुवाची (समान पण विरुद्ध प्रभारांच्या जोडीची) शून्य विभवाची रेषा ती हीच. पण लाल पिन दुसऱ्या तुकड्याकडे १ सेंटिमीटर सरकवली की जवळपास ०.४ व्होल्ट वाढतात. म्हणजे तिथे विभव शून्य धरलं तरी विद्युत क्षेत्र (अंतरागणिक विभव बदलण्याचा दर) शून्य नाही.

खरी गफलत पुढे होते. दुसऱ्या तुकड्याच्या केंद्रापासून ३ सेंटिमीटरवर 'एक भागिले अंतर' धरून साडेतीन व्होल्ट यायला हवेत. मीटर सव्वाचार दाखवतो. मीटर बरोबर आहे. उथळ पाण्यात प्रवाह गोलाच्या नव्हे, वर्तुळाच्या परिघावर पसरतो. त्यामुळे क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतं आणि विभव लॉगॅरिदमने बदलतं. ट्रेमध्ये दिसतो तो लांब तारेचा प्रभार, बिंदूचा नाही. बेरजेचा नियम मात्र तोच. भिंतीजवळच्या सारख्या विभवाच्या रेषा भिंतीला काटकोनात वळतात, त्या नोंदीत घेऊ नयेत.

नंतर दोन्ही तुकडे ट्रान्सफॉर्मरच्या एकाच टोकाला जोडले आणि दुसरं टोक ट्रेच्या कडेने फिरवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला. काळी पिनही त्या पट्टीला. आता मधोमध भरपूर व्होल्ट, पण पिन थोडी हलवली तर आकडा जवळजवळ ढळत नाही. क्षेत्र शून्य आहे, विभव शून्य नाही.

बिंदुप्रभारांचा समूह कागदावरच करावा. २० सेंटिमीटरच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर +३, +३, −२, −१ नॅनोकूलॉम. केंद्रापासून प्रत्येक कोपरा १४.१ सेंटिमीटर, म्हणून बेरीज ३ नॅनोकूलॉम आणि विभव सुमारे १९१ व्होल्ट. अंतर मीटरऐवजी सेंटिमीटरमध्येच ठेवलं तर उत्तर १.९ येतं, आणि अंतराचा वर्ग केला तर १३५०. वहीत हे दोन आकडे दिसले की चूक कुठे झाली ते लगेच कळतं.