तुम्ही विचारलंत म्हणून: झेवियर हे नाव की आडनाव?

गेल्या महिन्यात बँकेत केवायसीचा फॉर्म भरून दिला. खिडकीपलीकडच्या मॅडमनी तो वाचला, पेन उचललं आणि मला न विचारताच नावाच्या चौकटीकडून आडनावाच्या चौकटीकडे एक बाण काढला. "उलटं लिहिलंय तुम्ही." मी म्हटलं, "नाही हो मॅडम, झेवियर हेच माझं नाव." त्यांनी आधार कार्ड मागून घेतलं, दोनदा पाहिलं आणि मग शाळेपासून माझ्या मागे लागलेला तो प्रश्न आलाच: "पण झेवियर हे आडनाव असतं ना? तुमचं नाव कसं काय?"

मॅडमचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. झेवियर हे आडनावच. आणि आडनाव होण्याच्या आधी ते एका घराचं नाव होतं.

स्पेनच्या उत्तरेला नवारा म्हणून प्रांत आहे. तिथे सांग्वेसा गावाजवळ एक जुनी गढी आहे, बुरूज-तटबंदीची. तिचं नाव आज 'हाविएर' असं उच्चारतात. मूळ शब्द बास्क भाषेतला. बास्कमध्ये 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवं. एचेबेरी, नवं घर. बास्क न बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडी सुरुवातीचा 'ए' गळला, 'बेरी'चं 'बिएर' झालं आणि झिजता झिजता 'शाविएर' उरलं. शेजारच्या आरागोनमध्ये हाविएरेगाय, हाविएरेलात्रे अशी गावं आहेत, तीही याच मुळातली. ज्यांनी शब्द फारसा झिजवला नाही त्यांचं आडनाव एचेवेरिया.

मी वसईचा. आमच्या स्टेशनाजवळचा भाग म्हणजे नवघर-माणिकपूर. २००९ साली महानगरपालिका होईपर्यंत त्या नावाची नगरपरिषदच होती. नवघरच्या एसटी स्टँडवर मी कॉलेजची किती वर्षं घालवली ते सांगत नाही. भाईंदरला नवघर आहे, मुलुंडला नवघर रोड आहे, उरणला नवघर आहे आणि नवघरे आडनावाची माणसं तर महाराष्ट्रभर आहेत. 'एचेबेरी'चा अर्थ कळला त्या दिवशी मी एकटाच हसत बसलो होतो. ज्या नावापायी मला 'हे कुठलं फॉरेनचं' म्हणून विचारतात, त्याची पाटी मी रोज एसटीच्या कपाळावर वाचत होतो.

बास्क लोकांत घराचं नाव माणसाला लागतं, आपल्याकडे गावाला 'कर' जोडतात तसंच. फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती धर्मप्रसारकाचा जन्म त्या गढीत ७ एप्रिल १५०६चा. तेव्हा नवारा हे वेगळं राज्य होतं, स्पेनने ते १५१२ मध्ये घेतलं. म्हणजे नावाला स्पॅनिश म्हणायचं तेही सवयीनं. वडील हुआन दे जास्सू राजाच्या दरबारातले मोठे अधिकारी. गढी मात्र आईची, मारिया दे आस्पिल्कुएता यांच्या माहेरची. म्हणजे जगभर गेलेलं हे नाव आईच्या वारशातून आलेलं आहे. १५१६ मध्ये जिंकणाऱ्यांनी त्या गढीचे बुरूज पाडायला लावले. पोरगा तेव्हा दहा वर्षांचा. पुढे तो पॅरिसला शिकायला गेला, तिथे जेझुइट संघ काढणारे इग्नेशियस लोयोला भेटले, आणि ६ मे १५४२ रोजी तो गोव्याला उतरला. वसईलाही येऊन गेला. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर वारला. बाकीचं चरित्र तुम्हाला कुठेही मिळेल.

मला विचाराल तर खरी गंमत पुढे आहे, आडनावाचं नाव होण्यात. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. बाप्तिस्म्याला संताचं नाव द्यायची आमच्यात रीत. पण फ्रान्सिस नावाचे संत किती! असिसीचे आहेत, पाओलाचे आहेत, सालचे आहेत. मग 'आमचा फ्रान्सिस तो नव्हे, हा' हे कळावं म्हणून पूर्ण नाव देऊ लागले: फ्रान्सिस्को हाविएर, फ्रांझ झावर, फ्रान्चेस्को सावेरिओ. संगीतकार मोझार्टच्या धाकट्या मुलाचं नाव, १७९१ सालचं, फ्रांझ झावर. आता एका घरात बापही फ्रान्सिस, काकाही फ्रान्सिस, तर पोराला हाक कशी मारायची? शेपटीनं. असं करत करत पुढचा फ्रान्सिस गळाला आणि शेपटीचंच नाव झालं.

आमच्या आळीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या लहानपणी तीन फ्रान्सू होते, विहिरीवरचा, गिरणीचा आणि मुका. (मुका म्हणजे कमी बोलणारा, त्याला राग यायचा.) मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जन्मलो, सेंट झेवियरच्या ३ डिसेंबरच्या सणाच्या तोंडावर, तेव्हा नाव ठरलेलंच होतं. आजी म्हणाली, चौथा फ्रान्सू नको, ह्याला झेवियर म्हणा. रजिस्टरात फादरनी तेच लिहिलं.

आणि हे एकट्या झेवियरचं नाही. गोव्यात, वसईत बॉस्को नावाची पोरं भेटतील, वियानी भेटेल, एखादा लोयोलाही भेटेल. सगळी संतांची आडनावं. स्पेनमध्ये बोर्हा हेसुद्धा मुलांचं नाव आहे, संत फ्रान्सिस्को दे बोर्हा यांच्यावरून. तिकडे बोर्हा म्हटलं की श्रीमंताघरचा लाडोबा अशी थट्टा चालते. आपल्याकडे सुनील गावस्करांनी मुलाचं नाव तीन क्रिकेटपटूंवरून रोहन जयविश्व ठेवलं: कन्हायांचा रोहन, जयसिंहांचा जय, विश्वनाथांचा विश्व. भक्तीच ती, देव्हारा वेगळा.

दुसरा प्रश्न उच्चाराचा. झेवियर, झेव्हिअर, एक्सेव्हिअर, खरं काय? झेवियर हे आपण इंग्रजांकडून घेतलं, १८६९ साली मुंबईत कॉलेज निघालं त्याचं नावही आपण तसंच म्हणतो. फ्रेंच लोक 'ग्झाविए' म्हणतात. तमिळमध्ये ते सवेरियार झाले. तिथल्या मोत्यांच्या किनाऱ्यावर त्यांनी काम केलं आणि तमिळ घरांत सवरिमुत्तू हे नाव आलं, 'मुत्तू' म्हणजे मोती. स्पेनमध्ये आज 'हाविएर', तोही घशातून काढलेला 'ह'. पण १५०६ मध्ये तिकडे या नावाच्या सुरुवातीच्या एक्स अक्षराचा उच्चार 'श' होता. शेरी ही दारू स्पेनमधल्या हेरेझ गावची. इंग्रजांनी तिचं नाव घेतलं तेव्हा गाव 'शेरेस' होतं, म्हणून बाटलीत 'श' राहिला आणि गावातून गेला. सतराव्या शतकापर्यंत स्पॅनिश 'श' घशात उतरला, आणि १८१५ मध्ये तिथल्या भाषेच्या अकादमीने असे एक्स काढून तिथे 'जे' हे अक्षर बसवलं. मेक्सिकोवाल्यांनी आपला एक्स तेवढा सोडला नाही.

पोर्तुगीजमध्ये मात्र तो 'श' टिकला, आणि त्यांच्याकडून रोमी, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेल्या, कोंकणीत आला. रोमी लिपीत गोंयकार 'शीत' लिहितो ते एक्सनेच. त्यामुळे तो एक्सवाला शब्द पाहिला की गोंयकाराच्या तोंडून आपसूक 'शावियेर' येतं. म्हणजे आजच्या माद्रिदवाल्यापेक्षा म्हापशाच्या बाजारातली मासळीवाली त्या माणसाचं नाव जास्त बरोबर घेते. हे मी स्पॅनिश येणाऱ्या दोघा-तिघांना ऐकवलंय, त्यांना फारसं आवडलं नाही.

गोव्यात त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात. चित्रकार एफ. एन. सूझांच्या नावातला 'एफ' याच फ्रान्सिसचा. लहानपणी देवीच्या रोगातून वाचले म्हणून आईनं तो नवसाचा जोडला. तिथेच या नावावर वादही आहे. १५४६च्या पत्रात झेवियरनी पोर्तुगालच्या राजाकडे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मागितलं होतं, आणि १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ते गोव्यात आलं. त्यात लोकांचे हाल झाले. हे नाव घेऊन फिरणाऱ्याने ते माहीत नसल्यासारखं करू नये, एवढं मला वाटतं.

डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या शवप्रदर्शन सोहळ्याला जुन्या गोव्याला गेलो होतो. से कॅथेड्रलच्या रांगेत माझ्या पुढे एक म्हातारी, डोक्यावर रुमाल, हातात मेणबत्त्यांची पुडी. नाव विचारलंन. मी झेवियर म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि दुरुस्त केलं, "शावियेर." पुढचे दोन तास ती मला त्याच नावानं हाक मारून रांगेतली जागा धरायला सांगत होती.

लोकप्रियतेचं म्हणाल तर आता संताचा संबंध उरलाच आहे असं नाही. अमेरिकेत या शतकात हे नाव मुलांच्या पहिल्या शंभर नावांत आलं, त्यात त्या एक्सच्या रुबाबाचा वाटा मोठा असावा असा माझा अंदाज. स्पेनने २०१० चा फुटबॉल विश्वचषक जिंकला त्या संघात तिघे होते: कातालान शावी, बास्क शाबी अलोन्सो आणि नवाराचाच हावी मार्तिनेस. एकाच घराची तीन स्पेलिंगं. शावी आणि शाबी तर अंतिम सामन्यात खेळले.

माझा भाचा त्या रात्री आमच्याच टीव्हीसमोर बसला होता. आता तो कॅनडात असतो. गेल्या वर्षी त्याला मुलगा झाला आणि फोन आला, "मामा, नाव शावी ठेवतोय." मी क्षणभर गहिवरलो. मग तो म्हणाला, "तुझ्यावरून नाही हां, बार्सिलोनाच्या शावीवरून." बाप्तिस्म्याला तिथल्या फादरनी विचारलं, शावी म्हणजे कुठला संत? शेवटी सर्टिफिकेटवर फ्रान्सिस झेवियर असं लिहिलं गेलं. ताईनं त्याचा फोटो पाठवलाय. नावाच्या चौकटीत फ्रान्सिस आहे, झेवियर मधल्या नावात.